सरांची परिक्रमा

परवा व्हिडिओ कॉलवर नीलने डोळ्यांना तो काळा जाड चष्मा लावला होता आणि तुमच्या बैठकीच्या खोलीत तो हवेत हात फिरवत उभा होता. आर्या म्हणाली, आजी, त्याच्यासमोर डायनासोर आहे, पण तो आपल्याला दिसणार नाही. नील एका जागी थांबून नुसती मान वर करून बघत होता. मी नकळत बोलून गेले, "अरे, उभा काय राहतोस, त्याच्याभोवती फिर. उजव्या हाताला ठेवून फिर." तुम्ही दोघं हसलात. तुमची आई हसली नाही, कारण हे वाक्य माझं नाही हे तिला माहीत आहे. ते आमच्या सरांचं.

सर म्हणजे आमच्या इस्पितळातले हृदयाचे मोठे डॉक्टर. मी तिथे कॅथलॅबची इन्चार्ज सिस्टर होते. कॅथलॅब म्हणजे अशी खोली जिथे छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि आतली दुरुस्ती करतात. त्या खोलीतली प्रत्येक वस्तू कुठे असावी हे मी ठरवायचे आणि सर ती तिथून हलवायचे. कितीतरी वर्षं आमचं हेच चाललं. रागावले की ते मला 'मॅडम' म्हणायचे, एरवी 'सिस्टर'. मी रागावले की त्यांना काहीच म्हणत नसे, आणि त्याचीच त्यांना जास्त धास्ती असे.

दिसायला अगदी साधे. बुटके, डोक्याला चपचपीत तेल, मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, कारण कॅथलॅबमध्ये थंडी वाजते. वडील नागपूरकडून इथे जबलपूरच्या डिफेन्स फॅक्टरीत आलेले, त्यामुळे सर वाढले ते फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये. परदेशात शिकून आले तरी घरची बोली त्यांनी सोडली नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, पुण्याच्या आईची मुलगी. मला सुरुवातीला त्यांचं 'काहून' आणि 'करून राहिलो' खटकायचं. नंतर ते कानाला इतकं सवयीचं झालं की आता विजय नगरच्या या घरात कोणी 'काहून' म्हणत नाही याचंच वाईट वाटतं.

त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत स्टीलचा डबा असायचा. लोकांच्या डब्यात पोळी-भाजी असते, यांच्या डब्यात नुसती मळलेली कणीक. रुग्णाच्या हृदयाची सोनोग्राफी आली की सर ती बराच वेळ बघत, मग पडदा बंद करत आणि कणकेचं हृदय करायला बसत. काडेपेटीच्या काडीने झडपा कोरायच्या, रिकाम्या रिफिलने भोकं पाडायची. रक्तवाहिन्यांसाठी कॅन्टीनमधून कच्ची मॅकरोनी मागवायची. हृदय झालं की ते तळहातावर घेऊन गोल गोल फिरवत, अंगठ्याने आतून चाचपत बसायचे. एकदा माझ्या टेबलावर मुंग्यांची रांग लागली. रांगेच्या टोकाला फायलीखाली एका पटवाऱ्याचं हृदय होतं. पटवारी बरा होऊन घरी गेला होता, हृदय राहून गेलं होतं. त्या दिवसापासून मी नियम केला की सगळी हृदयं पॅन्ट्रीत, ट्रेमध्ये, झाकून ठेवायची. सर दुपारी पॅन्ट्रीत गेले आणि बाहेर येऊन अगदी गंभीरपणे म्हणाले, "सिस्टर, झाकण काहून ठेवलं? गुदमरून राहिलं ना ते."

हे कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. पडद्यावर सगळं दिसतं, कॉम्प्युटर मापंही देतो. ते म्हणाले, "चित्राला पाठ नसते, सिस्टर." हे त्यांचं आवडतं वाक्य. नवीन डॉक्टर आले की पहिल्याच दिवशी ऐकवायचे.

रुग्णांना समजावून सांगायची त्यांची पद्धतही त्यांचीच. आमच्याकडे येणारे निम्मे लोक रेल्वेच्या, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहणारे. म्हणून सर हृदयाला क्वार्टर करून टाकत. वर दोन खोल्या, खाली दोन खोल्या. वरच्या दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत जन्माआधी सगळ्यांनाच खिडकी असते, जन्मानंतर ती बुजते. कुणाकुणाची बुजायची राहते, तेवढंच. मग आवाज उतरवून म्हणायचे, "ठेकेदार भाग गया।" नातेवाइकांमध्ये हमखास कोणीतरी विचारायचं, साहब, ठेकेदार कौन? सर वर छताकडे बोट दाखवायचे. लोक हसायचे आणि भीती जरा कमी व्हायची. खिडकी बुजवायला आम्ही जे वापरायचो ते टिचबटणासारखं असतं. तारेच्या जाळीच्या दोन तबकड्या, एक भिंतीच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि मध्ये बारीक कंबर. नळीतून मिटून न्यायचं, जागेवर उघडायचं, दोन्ही तबकड्यांनी भिंतीची कड पकडली की सोडून द्यायचं. पण पकडायला कड तर हवी. कड नसेल आणि तरीही सोडलं, तर ते सुटून हृदयात वाहत जातं. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बाकी त्यांच्या खोडी किती सांगू. डावीकडून कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. "इकडून या," म्हणून उजवीकडे बोलवायचे. मीटिंगमध्ये टेबलाच्या डाव्या टोकाची खुर्ची त्यांची, म्हणजे सगळी माणसं उजव्या हाताला. आम्ही मागे म्हणायचो, राजेसाहेबांचा दरबार एकाच बाजूला भरतो. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवूनच ओतायचे. कोणी किल्ली फेकली तर झेलायचे नाहीत, खाली पडू द्यायचे आणि सावकाश उचलायचे. जिन्याच्या पहिल्या पायरीला चपलेचं टोक लावून बघायचे, जणू पायरी काल होती तिथेच आहे ना याची खात्री करतायत. या सगळ्याला आम्ही एकच नाव दिलं होतं: सर आहेत.

मग प्रज्ञा आली. तिशीतली डॉक्टर, इथलीच मुलगी. तिचे आजोबा विदर्भातून रेल्वेत आलेले. घरात बाबासाहेबांची तसबीर, पुस्तकं आणि अभ्यास याशिवाय दुसरं काही नाही असं ती सांगायची. मराठी तिला सगळं समजायचं, पण बोलताना दुसऱ्याच वाक्याला हिंदीत उतरायची. चेन्नईला शिकून ती परत जबलपूरला आली याचं सरांना फार कौतुक होतं, पण तोंडावर त्यांनी ते कधी केलं नाही.

तिच्याच खटपटीने एक नवं यंत्र आमच्याकडे आलं. एका कंपनीने काही महिने वापरून बघायला दिलं होतं. घशातून उतरवलेल्या सोनोग्राफीच्या नळीतून हृदयाचं जे चित्र येतं, ते हे यंत्र हवेत उभं करायचं. डोळ्यांना चष्मा लावला की टेबलाच्या वर, कलिंगडाएवढं, धडधडणारं हृदय तरंगताना दिसायचं. पहिल्या दिवशी मी चष्मा लावला आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. युनिफॉर्मला पदर नसतो हेही विसरले. झडपा उघडत होत्या, मिटत होत्या. दोन खोल्यांमधली भिंत पातळ पापडासारखी थरथरत होती. इतकी वर्षं मी ज्या वस्तूच्या सावल्या बघत आले होते ती समोर होती, आणि तिला पाठ होती.

सगळ्यांनी एकेक करून चष्मा लावला आणि प्रत्येकाच्या तोंडून काहीतरी निघालं. सरांच्या तोंडून काही निघालं नाही. कंपनीचा इंजिनिअर आधी प्रत्येक डोळ्यासाठी काहीतरी जुळवून घ्यायला सांगत होता. सर म्हणाले, माझं राहू द्या, असंच चालते. मग ते चालायला लागले. हृदयाच्या डावीकडून निघून, हृदय उजव्या हाताला ठेवून, अगदी हळू, पाऊल पाऊल टाकत त्यांनी त्याच्याभोवती पूर्ण फेरा घातला. इंजिनिअर उत्साहाने सांगत होता की सर, चालायची गरज नाही, हाताने फिरवता येतं, हवं तर डोकं आत घालून आतून बघा. सर म्हणाले, "त्याला काहून फिरवता? आपणच फिरू." आणि दुसरा फेरा सुरू केला.

आमचे वॉर्ड अटेंडंट तिवारीजी दारात उभे होते. पहाटे नर्मदेच्या ग्वारीघाटावर डुबकी मारून मग ड्युटीवर येणारा माणूस. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते, आमच्याकडे लोक नर्मदेची परिक्रमा करतात. अख्ख्या नदीला पायी वळसा घालतात. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठे ओलांडायची नाही. सरांच्या आईने म्हातारपणी ती पायी केली होती, हे सगळ्या इस्पितळाला ठाऊक होतं. तिवारीजींनी सरांना तसं फिरताना बघितलं, चप्पल बाहेर काढली आणि हात जोडून त्यांच्या मागे चालायला लागले. त्यांनी चष्माही लावलेला नव्हता. ते रिकाम्या हवेला प्रदक्षिणा घालत होते.

झालं. तोच आमच्या विभागाचा रिवाज पडला. हृदय हवेत आलं की सगळ्यांनी ते उजव्या हाताला ठेवून फिरायचं आणि मधून कोणी जायचं नाही. इंजिनिअर बिचारा वायर लावायला सरळ हृदयातून निघाला तर तिवारीजींनी त्याला दंडाला धरून मागे घेतलं. "भैया, बीच में से मत निकलो। घूम के जाओ।" त्याने माझ्याकडे बघितलं. मी शिस्तीची बाई, पण मीही त्याला म्हटलं, घूम के जाइए. मला स्वतःला ती भक्ती वाटत नव्हती. सरांची आणखी एक खोड, एवढंच वाटलं. मी त्यांना म्हटलंही की लोक तुम्हाला महाराज करून टाकतील. ते हसले. "चालू द्या, सिस्टर. त्या निमित्तानं चालून तर राहिले सगळे."

प्रज्ञाला मात्र त्या दिवसांत फार त्रास झाला. ती उभ्या जागेवरून सगळं सांगू शकायची, भोक केवढं, कड कुठे जाड, कुठे पातळ. सर तिला बोलतं करायचे. सांग, खालची झडप इथून किती दूर. सांग, शिर पुढे आहे का मागे. ती सांगायची, मग ते फेरा घालून स्वतः बघून यायचे आणि मान डोलवायचे. रोज हेच. एकदा चहाच्या वेळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "सिस्टर, सर रोज मेरी परीक्षा लेते हैं। मी बरोबर सांगते, तरी जाऊन चेक करतात. भरोसा ही नहीं है मुझ पर." मी तिला समजावलं की सर सगळ्यांशी असेच. पण तिचा चेहरा उतरलेला होता, आणि मलाही ते बरं दिसत नव्हतं.

अशात मनीषा आली. शहपुऱ्याची, शेतकऱ्याघरची मुलगी, उंच, काटक. पोलीस भरतीची तयारी करत होती आणि धावताना हल्ली छाती भरून यायची. तिथल्या डॉक्टरांना हृदयात वेगळा आवाज ऐकू आला म्हणून इकडे पाठवलं. वरच्या दोन खोल्यांमधली खिडकी, चांगली मोठी. तिच्या आईला एकच विचारायचं होतं: छाती चिरावी लागेल का? चिरली तर कितीतरी महिने मैदान बंद, आणि भरतीचं वय थांबत नाही. मनीषा स्वतः काही विचारत नव्हती. ती फक्त सरांच्या तोंडाकडे बघत होती.

सरांनी कणीक मळली. फेरे घातले. खिडकीची मागची खालची कड फार पातळ वाटत होती. प्रज्ञाचं म्हणणं, तिथे कड जवळजवळ नाहीच, मुलीला थेट सर्जनकडे पाठवूया. सर म्हणाले, आहे, बारीक आहे, पण आहे. आधी बटण लावून बघू. नाही पकडलं तर सोडायचं नाही, परत घेऊ. हे नियमाला धरून होतं, असंच करतात. त्यांनी आईला सांगितलं की बहुधा चिरावं लागणार नाही. ती बाई वाकून पाया पडायला लागली तशी सर मागे सरले आणि स्टूलवर आदळले.

त्या दिवशीची खोली माझ्या डोळ्यांसमोर आहे. मनीषा भूल देऊन झोपलेली. सर टेबलाशी, अंगावर शिशाचा जड एप्रन, वर निर्जंतुक गाउन, हातात नळी आणि तिच्यातून गेलेली तार. प्रज्ञा त्यांच्या उजवीकडे. दोघांच्या डोळ्यांना चष्मा, मीही एक लावलेला. टेबलाच्या वर मनीषाचं हृदय तरंगत होतं. सरांनी पलीकडची तबकडी उघडली, मागे ओढली, अलीकडची उघडली. भिंतीवरच्या सपाट पडद्यावर सगळं जागच्या जागी दिसत होतं. त्यांनी तार जराशी हलवून बघितली. बटण हललं नाही.

"बसलं," ते म्हणाले. "सोडून राहिलो."

"सर, एक मिनट." प्रज्ञाचा आवाज इतका बारीक होता की मला वाटलं मीच ऐकला. "मागची खालची कड. तबकडी भिंतीला लागलेली नाही. भिंतीच्या पुढे आहे."

"लागलेली आहे."

"नाही सर. बीच में जगह है. मला पलीकडची खोली दिसतेय."

मीही बघितलं. ती म्हणत होती ते खरं होतं. तबकडीच्या मागे काळोखाची एक चीर होती. न पकडलेलं बटण, आणि सर ते सोडायच्या बेतात.

सरांनी मान डावीकडे कलवली, मग उजवीकडे. एक पाऊल बाजूला टाकलं आणि थांबले, कारण हातात तार होती आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला मुलीचं हृदय. इतक्या वर्षांत सरांना 'नाही' म्हणणारं त्या खोलीत कोणी नव्हतं. मला वाटलं आता ते 'मॅडम' म्हणतील, तिला किंवा मला.

"सिस्टर," ते म्हणाले, "माझा चष्मा काढा."

मी काढला. घामाने त्यांच्या नाकावर वळ उठला होता.

"माझ्या डाव्या डोळ्याला लहानपणापासून दिसत नाही," ते म्हणाले. आवाज नेहमीचा, क्वार्टरची गोष्ट सांगतात तसा. "तुम्हाला हे हवेत दिसते. मला कॅलेंडरच्या चित्रासारखं दिसते. फिरतो तेव्हा समजते मला, पुढे काय अन् मागे काय. आता फिरता येऊन नाही राहिलं." मग प्रज्ञाकडे वळून म्हणाले, "तुला दिसते ना? मग तू सांग. मी हात चालवतो."

प्रज्ञाने एकदा माझ्याकडे बघितलं. मग सांगायला लागली. जरा मागे, सर. थोडा खाली. आता वळवा. सर तिच्या शब्दावर तार हलवत होते, नजर कुठेच नव्हती, ऐकणाऱ्या माणसाची असते तशी. तबकडी मिटवून पुन्हा वेगळ्या कोनातून उघडली. पुन्हा तीच चीर. आणखी एकदा. तिसऱ्या वेळी बटण कडेवरून घसरून पुढच्या खोलीत डोकावलं, तारेला होतं म्हणून राहिलं. सरांनी ते मिटवलं, नळीत घेतलं आणि नळी बाहेर काढली.

"सर्जनला सांगा," ते म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी आधी मनीषाच्या आईला गाठलं. त्यांनी तिला फिरवून काही सांगितलं नाही. बटण बसत नाही, छाती उघडावी लागेल. मला वाटलं होतं की बसेल, मी चुकलो. मला एका डोळ्याने दिसतं, या डॉक्टरीणबाईंना दोन्हींनी, त्यांनी बरोबर बघितलं. बाई म्हणाली, "मोड़ी ठीक है?" मुलगी ठीक आहे, सर म्हणाले. "तो चीर दो," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली.

तिवारीजी त्या संध्याकाळी पॅन्ट्रीत स्टूलवर नुसते बसून होते. सर आले तसे उठले. फार मोठं काहीतरी हरवल्यासारखे म्हणाले, तो साहब, वो परिकम्मा नहीं थी? सर किटलीतून चहा ओतत होते, चोच कपाला टेकवून. "परिकम्मा ही थी, तिवारीजी," ते म्हणाले. "मेरे पास दूसरा रास्ता नहीं था।"

मला राग आला होता, हे लपवत नाही. इतकी वर्षं शेजारी उभं राहून काम केलं आणि मला माहीत नाही. मी त्यांच्या खोलीत गेले आणि उजवीकडे न जाता मुद्दाम डावीकडे उभी राहिले. आधी का सांगितलं नाही, म्हणून विचारलं. त्यांनी मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं की विटीदांडूची विटी लागली होती, आठ-नऊ वर्षांचे असताना. डोळा दिसायला धड राहिला, म्हणून कोणाला कळलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

"अन् काहून सांगू, सिस्टर? सपाट पडद्यापुढे सगळेच एका डोळ्याचे असतात. तिथं मी तुमच्या बरोबरीचा होतो. थोडा पुढेच होतो, कारण मला जन्मभर सपाटातून खोल काढायची सवय. हा चष्मा आला अन् तुम्ही सगळे एका दिवसात पोचले. मी एकटा मागे राहून गेलो." मग म्हणाले, "त्या पोरीला वाटते मी तिची परीक्षा घेऊन राहिलो. तिच्या डोळ्यांनीच तर पाहून राहिलो होतो मी. तिला सांगा तुम्ही. मला नाही जमणार."

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञा सरांच्या खोलीत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. आत काय झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. त्यानंतर सरांनी टेबलाशी तिला पुढे केलं आणि स्वतः तिच्या डाव्या बाजूला उभे राहू लागले. कुजबुज झाली, व्यवस्थापनाने चौकशी केली, ते व्हायलाच हवं होतं. सरांनी सगळ्याला शांतपणे उत्तरं दिली. निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुन्हा स्वतःच्या हाताने एकही बटण सोडलं नाही. मागच्या हिवाळ्याआधीच्या हिवाळ्यात ते गेले. मी तुमच्या आईला फोन केला होता तेव्हा तुम्ही झोपला होतात.

मनीषा भरतीला बसली, एक वर्ष उशिरा. आता ती नरसिंहपूरला कॉन्स्टेबल आहे आणि राखीला तिवारीजींना फोन करते.

पण मला तिच्या शस्त्रक्रियेचा दिवस सांगायचा आहे. आमचे सर्जन आठवड्यातून एकदा नागपूरहून यायचे. सरांनी त्यांना विचारलं की मी आत उभा राहू का. मी आणि प्रज्ञाही गेलो, भिंतीशी उभ्या राहिलो. छाती उघडली, यंत्राने रक्त फिरवायचं काम हातात घेतलं, आणि मनीषाचं हृदय थांबलं. इतकं शांत हृदय मी कधी पाहिलं नव्हतं. सर्जननी वरची खोली उघडली, आत बघितलं आणि सरांना म्हणाले, "या डॉक्टर, हात धुवून या."

सर हात धुवून, हातमोजे घालून आले. सर्जननी कडा बाजूला धरल्या. सर वाकले नाहीत, आत बघायचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी आत घातली आणि खिडकीच्या काठावरून फिरवली, वरून पुढे, पुढून खाली, खालून मागे. मागे खाली आल्यावर बोट थांबलं.

"प्रज्ञा," त्यांनी हाक मारली. ती पुढे झाली. "काहीच नाही इथं. तू म्हणाली तसंच आहे. तेवढंच."

"जी, सर."

काम झालं होतं. तरी त्यांनी बोट लगेच काढलं नाही. जन्मभर ज्या घराचं वर्णन ते करत आले त्या घराच्या आत ते पहिल्यांदा आले होते. सर्जन थांबले. यंत्र चालू होतं, वेळ मोजला जात होता, आणि मी, जी प्रत्येक मिनिटाला घड्याळ बघते, त्या वेळी बघितलं नाही.

"छान बांधलंय," सर हळूच म्हणाले आणि बोट काढून घेतलं.